वाडग्यातलं पाणी

१

मिस्त्रींनी घडवलेलं शेवटचं व्हायोलिन कुलूपबंद कपाटात, जागच्या जागी, उघडलेलं सापडलं.

चोरीला गेलं असतं तर एक वेळ समजता आलं असतं. पण कुलूप शाबूत, काच शाबूत, व्हायोलिन खुंटीला टांगलेलं, आणि वाद्याची वरची फळी मात्र एका बाजूने अर्ध्या घेरात सुटून वर आलेली. तारा सैल पडल्या होत्या, घोडी आडवी झाली होती. मिस्त्रींची लेक सकाळी कपाटात फडकं मारायला गेली आणि तिने ते पाहिलं. तशीच गेली ती थेट फोनपाशी. फोन पोलिसांना नाही, मीटरमावशींना.

मीटरमावशी कोण, हे सांगायलाच हवं. गॅस कंपनीत तेहतीस वर्षं त्यांनी घरोघरी फिरून मीटर वाचले, गळती तपासली, आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. तेहतीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत डोकावलेल्या बाईपासून काय लपणार? नाक तिखट, नजर त्याहून तिखट. गल्लीत कुणाचं काही हरवलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, की आधी मावशींना बोलावणं जायचं. मावशी वर वर कुरकुरायच्या, "मला काय दुसरे उद्योग नाहीत?" आणि बोलता बोलता चपला पायात सरकवायच्या.

या वेळी मात्र त्या कुरकुरल्या नाहीत. मिस्त्रींचं घर म्हणजे मावशींचा जीव. मीटर वाचायला जायचं दोन मिनिटांचं काम, पण बसायच्या अर्धा तास, कारखान्यातल्या त्या कोळशाच्या शेगडीपाशी. मिस्त्री खोडाचा तुकडा कानाशी धरून टिचक्या मारायचे आणि म्हणायचे, "ऐका, ऐका बाई, हा गाणार!" मावशींना ठक् याशिवाय कधी काही ऐकू आलं नाही, पण त्या दर वेळी मान डोलवायच्या. मिस्त्रींना जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची आठवण निघाली की मावशी दुसरंच काही बोलायला लागायच्या.

"मावशी, हे दादाने केलंय," लेक दारातच म्हणाली. रडून डोळे सुजले होते. "दुसरं कोण करणार? फळीवर एक ओरखडा नाही. सराईत हात आहे. कपाटाच्या चाव्या दोनच, एक माझी, एक त्याची."

दादा म्हणजे मिस्त्रींचा शागीर्द. त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. दिवसरात्र लाकूड चिकटवायचा सरस शिजवून अंगाला त्याचा वास येतो म्हणून मिस्त्रींनीच त्याचं नाव 'सरस्या' ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच. एकतीस वर्षं तो या कारखान्यात होता. आला तेव्हा लेक चार वर्षांची होती, त्याच्या खांद्यावर बसून बाजार हिंडायची.

"त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय? आज संध्याकाळी चाव्या देऊन निघा म्हणून सांगितलंय." आणि तिने मेजावरून एक पातळ चाकू उचलून मावशींपुढे धरला. "हा त्याचा चाकू. व्हायोलिन उघडायचं तर याचं पातं ओलं करून फटीत सरकवतात. बघा."

पात्यावर ताजा, लालसर गंज चढला होता.

२

सरस्या मागच्या अंगणात, पायरीवर, हत्यारांची पेटी आवरत बसला होता. रंधे, पटाशा, एकेक पुसून फडक्यात गुंडाळत होता. मावशींना बघून उठला नाही. एवढा रीतीचा माणूस, पण उठला नाही.

"कालपर्यंत मला 'दादा, तू जेवलास का' म्हणायची," तो म्हणाला. "आज म्हणाली, 'तुम्ही चाव्या ठेवा.' तुम्ही! मी काय वसुलीला आलेला माणूस आहे, मावशी?"

मावशी शेजारी टेकल्या. "तू उघडलंस का रे?"

"नाही."

"चाकू ओला कसा झाला?"

"मी नाही केला. तेल लावून ठेवला होता आठवड्यापूर्वी. हल्ली हत्यारांना काय झालंय कळत नाही. आणि माझाही हात बिघडलाय बहुतेक. सरस लावतो, दोन-दोन दिवस वाळत नाही. वय झालं असेल."

"पन्नाशीत कसलं वय होतंय? माझ्याकडे बघ आणि मग बोल."

तो हसला नाही. मावशींनी विषय बदलला, की बदलल्यासारखं केलं. "मिस्त्रींनी तुला सगळं शिकवलं ना?"

सरस्याचे हात थांबले. कुठे बोट ठेवलं ते मावशींना बरोबर कळलं होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की वरच्या फळीची जाडी मिस्त्री शेवटी स्वतः उतरवायचे, दार लावून घेऊन. कुठे किती पातळ ठेवायची, ज्यावर व्हायोलिनचा आवाज ठरतो, ते त्यांनी सरस्याला कधी सांगितलं नाही. नेमकी ती वेळ आली की त्याला कुठल्या तरी कामाला पिटाळायचे.

"सगळं शिकवलं," सरस्या म्हणाला. "हेसुद्धा शिकवलं की वरची फळी नेहमी पातळ सरसाने चिकटवायची. खालची, बाजूच्या पट्ट्या, घट्ट सरसाने. वरची मात्र पातळ. म्हणायचे, शंभर वर्षांनी कुणाला तरी हे दुरुस्त करावं लागेल, त्याला लाकूड न फोडता उघडता आलं पाहिजे. पुढच्या कारागिराची एवढी काळजी. जवळच्याला मात्र..." त्याने पेटीचं झाकण आपटलं.

"म्हणजे तुझ्या मनात होतं."

"होतं ना! खोटं कशाला बोलू? काल नाही, रोज होतं. त्या काचेला नाक लावून मी उभा राहायचो, तिने पाहिलंय मला. ते व्हायोलिन उघडून एकदा मोजावं असं दोन वर्षं मनात होतं, मावशी. पण उघडलं नाही."

मावशी मनाशी हिशेब करू लागल्या. चावी त्याच्याकडे, कौशल्य त्याच्याकडे, कारण त्याच्याकडे, आणि आता कबुलीही त्याच्याच तोंडून. असा माणूस निर्दोष आहे हे सांगणार कुणाला आणि कसं?

३

लेकीचा नवरा, म्हणजे घरचा जावई, बाहेरच्या खोलीत होता. हा माणूस शाळेत गणित शिकवायचा आणि कारखाना विकावा या मताचा होता. मत लपवायचा नाही, हा त्याचा गुण.

"मला विचाराल तर बरंच झालं," तो म्हणाला. मग मावशींचा चेहरा बघून, "म्हणजे बरं नाही झालं. पण मी कशाला हात लावू? मला त्या खोलीत जायचा कंटाळा येतो. पाऊल ठेवलं की चष्म्यावर वाफ धरते. परवा पट्टी शोधायला गेलो तर मेजाचा ड्रॉवर उघडेना. इतका ओढला की मूठ हातात आली. बायकोला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगत. आणि तो वाद्यांचा व्यापारी? मंगळवारी आला होता म्हणे."

"आला होता, कपाटापाशी एकटाच बराच वेळ उभा होता. व्हायोलिन हवंय ना त्याला."

व्यापाऱ्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. उन्हाळ्यातही लांब कोट घालणारा हा गृहस्थ आता थंडीत तर नाकापर्यंत गुरफटून बसला होता. मावशींना बघताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पूर्वी एकदा मावशींनी त्याच्या दुकानातली गॅसची नळी अयोग्य ठरवून तोडायला लावली होती, ते तो विसरला नव्हता.

"मी वाद्यं विकतो, फोडत नाही," तो म्हणाला. "उलट मंगळवारी मीच त्यांना म्हणालो की तुमच्याकडे काहीतरी बिनसलंय. भिंतीवरची तीन व्हायोलिनं हातात घेतली. तिन्ही बेसूर! सुरात लावायला गेलो तर खुंट्या जाम, फिरतच नाहीत. मिस्त्रींच्या हयातीत असं कधी पाहिलं होतं तुम्ही?"

"कपाट उघडलं होतंत?"

"चावी कोण देतंय मला? काचेतून पाहिलं. तेही धड दिसलं नाही. काच आतून धुरकट होती, पुसलेली नव्हती."

मावशी परत निघाल्या. गंजलेला चाकू, न वाळणारा सरस, चष्म्यावरची वाफ, फुगलेला ड्रॉवर, जाम खुंट्या, धुरकट काच. गणिताच्या मास्तरालाही कळावं अशी बेरीज होती, उत्तर होतं ओल; पण ती कुठून आली ते मावशींना सुधरत नव्हतं. पाऊस नाही, गळती नाही. सहा आठवडे कोरडी थंडी पडलेली, ओठ फुटत होते. बाहेर हवा सुकी खडखडीत आणि त्या एका खोलीत पाणी? पाणी येणार कुठून?

कारखान्यात शिरल्या तर खोली कशी छान उबदार. दाराखाली नमद्याची, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीची पट्टी, खिडक्यांच्या फटीत नमदा, अगदी मिस्त्रींच्या शिस्तीप्रमाणे. थंडीत फटी बंद करायच्या, वारा आत आला तर लाकूड तडकतं, असा त्यांचा दंडक होता. जिथे कोळशाची शेगडी असायची तिथे या थंडीपासून भिंतीला पांढरा हीटर होता, बिनज्योतीचा. ना उजेड, ना आवाज. हात पुढे नेला तरच कळायचं की चालू आहे. आणि त्याच्यासमोर जमिनीवर तो पितळी वाडगा, पाण्याने भरलेला. शेगडीच्या दिवसांपासूनचा. शेगडी हवा इतकी सुकवायची की लाकडासाठी पाणी ठेवावं लागायचं. सरस्या रोज सकाळी तो काठोकाठ भरायचा आणि संध्याकाळी तळ दिसायचा.

मावशी वाकल्या. पाण्यावर लाकडाच्या भुशाची साय धरली होती.

"सरस्या!" त्यांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. "हा वाडगा शेवटचा कधी भरलास?"

"झाले की पंधरा दिवस," आवाज आला. "हल्ली आटतच नाही तो."

मावशींनी बोटाने ती साय बाजूला केली. उत्तर कळलं होतं. आणि कुणी केलं तेही कळलं होतं.

४

"सगळे इकडे या," मावशी म्हणाल्या. लेक आली, जावई आला. सरस्या चौकटीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

मावशींनी कपाट उघडायला लावलं. "आधी हे बघा. कुलपाच्या भोकाला गंज, बिजागऱ्यांना गंज, आतल्या खुंटीच्या खिळ्याला गंज. सरस्याने एक चाकू ओला केला म्हणू, पण बिजागऱ्या कुणी ओल्या केल्या? काचेवर आतून ओघळ सुकलेले आहेत. आणि हा फळीचा काठ बघ, पोरी. चाकू गेला असता तर सरसाचा थर कापलेला दिसला असता. इथे तो मऊ होऊन सुटलाय आणि पांढरा पडलाय. वरचीच फळी का सुटली? ती पातळ सरसाने चिकटवतात म्हणून. तारांचा ताण तिच्यावर, तीच पहिली सुटणार."

"पण पाणी आलं कुठून?" जावयाने विचारलं.

मावशींनी खिडकी उघडून बाहेरच्या कट्ट्यावरचं स्टीलचं ताट आत घेतलं. थंडीने ते बर्फासारखं झालं होतं. त्यांनी ते हीटरसमोर, वितभर अंतरावर, थोडं वरच्या बाजूला धरलं. सगळे बघत राहिले. आधी ताट धुरकट झालं. मग त्यावर बारीक थेंब आले. मग थेंब एकमेकांत मिसळले आणि एक ओघळ मावशींच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"इथून आलं," त्या म्हणाल्या.

"पण याच्यात तर आगच नाही!" लेक म्हणाली.

"तेच तर. दिसत नाही म्हणून आपण नाही म्हणतो. ही पांढरी गादी आहे ना, लोकरीसारखी, ती न जळणाऱ्या धाग्यांची आहे. तिच्यावर प्लॅटिनमचा लेप आहे, अगदी नावाला. सुरुवातीला बॅटरी ही गादी तापवते, पंधरा-वीस मिनिटं. ती तापली की मागून गॅस सुटतो, पुढून हवा येते. लेपावर दोघांची गाठ पडते आणि धाग्याधाग्यावर गॅस तिथल्या तिथे गुपचूप जळतो. ज्योत उठेल एवढी गादी तापतच नाही. लेप स्वतः खर्च होत नाही. सोयरीक जुळवणाऱ्या आत्याबाईंसारखा, दुसऱ्यांची लग्नं लावून आपण होता तिथेच. म्हणून तर तुमच्या रोगणाच्या, स्पिरिटच्या खोलीत हा ठेवायचा. पण जळणं ते जळणंच. गॅस ज्योतीने जळो की बिनज्योतीने, त्याची वाफ होतेच. किलोभर गॅसचं दीड लिटरहून जास्त पाणी. किती सिलिंडर संपवलेत?"

"सहा आठवड्यांत तीन. बारा-बारा किलोचे," लेक म्हणाली.

जावई मनात गणित करत होता. "पंचावन्न लिटरच्या वर," तो हळूच म्हणाला. "तीन बादल्या तरी."

"तीन बादल्या पाणी या खोलीच्या हवेत ओतलंत. आणि ते जाऊन बसलं कुठे, तर बाहेरच्या थंड भिंतीला टेकलेल्या कपाटात. फटी बंद, खिडकी बंद. तुमचा श्वास कोंडला नाही हे नशीब समजा, या हीटरला हवा लागते माणसाएवढीच."

"पण बाबा तर सगळ्या फटी बंदच ठेवायचे! तीस वर्षं!"

"ठेवायचे. कारण शेगडीला धुराडं होतं. सगळी वाफ, सगळा धूर त्यातून वर जायचा आणि जाताना खोली सुकवायचा. तुम्ही मिस्त्रींचा नियम पाळलात, काही चुकलं नाही तुमचं. धुराडंच राहिलं नव्हतं." मावशींनी भिंतीतल्या गिलाव्याच्या गोल डागाकडे बोट केलं. "ते बुजवायला कुणी लावलं?"

सगळ्यांना आठवत होतं.

"मी लावलं. हा हीटर मी आणायला लावला. 'ज्योत नाही, धूर नाही, एकदम कोरडी ऊब, कशाला हवं धुराडं?' हे माझे शब्द. मिस्त्री गेल्यावर मला स्वप्नं पडायची की शेगडीची ठिणगी उडून कारखाना पेटला. आगीच्या धास्तीने मी दुसऱ्या कशाचा विचारच केला नाही. तेहतीस वर्षं गॅसमध्ये काढली आणि गॅसचं पाणी होतं हे विसरले. दोन बोटं खिडकी उघडी ठेवा, एवढंसुद्धा बजावलं नाही." मावशी लेकीकडे वळल्या. "तुला गुन्हेगार हवा होता ना? हा उभा आहे तुझ्यापुढे. सरस्याला जाऊ देऊ नकोस."

५

लेकीने ते ओलं ताट मावशींच्या हातातून घेऊन मेजावर ठेवलं. मग चौकटीपाशी गेली. एकतीस वर्षांच्या माणसाला एका सकाळीत चोर ठरवलं, त्याची माफी कोणत्या शब्दांत मागतात?

"दादा," ती म्हणाली. "मी वाईट वागले रे."

"वागलीस," सरस्या म्हणाला. त्याने उगाच मोठेपणा दाखवला नाही, मावशींना ते आवडलं. "खूप लागलं मला. पण तू म्हणालीस ते अगदीच खोटं नव्हतं. मला मोजायचं होतंच."

लेकीने डोळे पुसले, कपाटातलं व्हायोलिन दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. "हे असं अर्धं सुटलेलं चिकटवता येतं?"

"नाही. पूर्ण काढूनच घ्यावं लागेल."

"मग काढ. आणि मोज."

सरस्या मावशींकडे बघू लागला. मावशी म्हणाल्या, "बघतोस काय? मालकीणबाईंचा हुकूम आहे."

त्याने चाकूवरचा गंज घासून काढला. फळी काढायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत, पातळ सरस आपण होऊन वाट देत होता. मग त्याने जाडी मोजायचं कॅलिपर घेतलं. मधोमध धरलं, आकडा पाहिला. खांद्यापाशी धरलं, पाहिलं. कडेला, खाली, पुन्हा मधोमध. कपाळावर घाम आला होता. जावयाने कागद-पेन्सिल पुढे केली तर त्याने मानेनेच नको म्हटलं.

तो सगळ्या जागा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, तेव्हा लेकीला राहवलं नाही. "काय निघालं? सांग ना."

"मी ठेवतो तीच," सरस्या म्हणाला. "माझ्या फळ्यांची आहे तीच. प्रत्येक जागी. केसाचा फरक नाही."

कुणाला काही कळेना. तो मात्र खाली बसला, तळहातांनी डोळे दाबून. हसत होता की रडत होता ते सांगणं कठीण होतं.

"दर वेळी मी फळी करून ठेवायचो, म्हातारा दार लावून घ्यायचा. मला वाटायचं, आत काहीतरी करतोय जे मला दाखवत नाही. अरे, काही करतच नव्हता! माझीच मापं ठेवत होता. लाज वाटत असेल, की शिकवायला आपल्याकडे काही उरलं नाही."

मावशींना एकदम मिस्त्री दिसले, शेगडीपाशी, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. त्यांना ते काय बोलायचे ते आठवलं, आणि इतकी वर्षं नीट ऐकलं नव्हतं याचं वाईट वाटलं. "लाज नाही रे," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं एकदा, पोराला आकडे का देत नाही म्हणून. म्हणाले, त्याला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण हे त्याला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी स्वतःचं दुकान थाटायला जाईल, आणि मग मी संध्याकाळी कुणाशी भांडू? मला वाटलं, थट्टा करताहेत."

बाहेर उन्हं कलली होती, उघड्या खिडकीतून थंड वारा सरळ आत येत होता आणि कुणीही ती लावायला उठत नव्हतं. शेवटी लेक म्हणाली, "सरस तापवू का, दादा? आजच बंद करायचं?"

"नको," सरस्या म्हणाला. त्याने ती फळी उताणी करून गुडघ्यांवर घेतली, जिथे म्हाताऱ्याचा रंधा फिरतो असं तो इतकी वर्षं धरून चालला होता तिथून बोट फिरवलं. "उद्या करू. आज जरा राहू दे माझ्यापाशी."